सुगंधोपचार : परसांतला आणि बाटलींतला

अलीकडे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हातीं मिठाईच्या पुड्याऐवजीं तपकिरी कांचेच्या इवल्याशा बाटल्यांची एक पेटी असते. पेटीवर 'अरोमाथेरपी' हें नांव, आंत लव्हेंडर, लेमनग्रास, युकॅलिप्टस वगैरे तेलें, आणि सोबतच्या कागदावर निद्रानाशापासून सांधेदुखीपर्यंत व्याधींची लांबलचक यादी. जुन्नर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव इकडील घरांतूनही ह्या पेट्या आतां दिसूं लागल्या आहेत. त्यांतील 'लेमनग्रास' म्हणजे आपल्या न्हाणीमागें सांडपाण्यावर माजणारा गवती चहाच, हें कळल्यावर घरांतील वडील मंडळींस हंसूं येतें आणि पेटी आणणारी तरुण मंडळी किंचित् ओशाळतात. दोन्ही पक्षांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. बाटलींतलें सगळेंच थोतांड नव्हे, आणि परसांतलें सगळेंच निरुपद्रवी नव्हे.

हा शब्द फार जुना नाहीं. रेने-मोरिस गॅटफॉसे हे फ्रान्समधील रसायनज्ञ, सुगंधी द्रव्यांच्या धंद्यांतले गृहस्थ. १९१० सालीं प्रयोगशाळेंत स्फोट होऊन त्यांचे हात भाजले व जखमा चिघळल्या. त्या वेळीं लव्हेंडरच्या तेलानें आपणांस गुण आला असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें १९३७ सालीं त्यांनीं ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला जें नांव दिलें तेंच जगभर रूढ झालें. त्याच देशांतील जाँ व्हॅल्ने ह्या डॉक्टरांच्या १९६४ सालच्या पुस्तकानें त्याचा आणखी प्रसार झाला. म्हणजे नांव अवघ्या एका शतकाच्या आंतलें. पण वस्तु तेवढीच अर्वाचीन आहे काय?

आपल्या पुणें जिल्ह्यांतच पाहावयाचें तर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीं कोरलेला एक लेख आहे. धेनुकाकट गांवच्या सिंहदत्त नामक 'गंधिका'नें, म्हणजे सुगंधी द्रव्यें विकणाऱ्यानें, त्या दाराचा खर्च दिला असें तो सांगतो. सुमारें एकोणीस शतकांपूर्वीं सुगंधाच्या व्यापारांत लेण्याचें दार करवून देण्याइतका पैसा होता! जुन्नरहून नाणेघाटानें कोंकणांत व तेथून बंदरांकडे जो माल उतरे, त्यांतही असल्या गंधिकांचीं गांठोडीं असतील असें मानण्यास हरकत नसावी. पुढें वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' म्हणून स्वतंत्र अध्याय घातला, आणि इ. स. ११३० च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वर यानें मानसोल्लासांत धूपाची गणना राजाच्या उपभोगांत केली. ह्या शास्त्रावरचे दोन ग्रंथ, गंगाधरकृत 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद', पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनीं हस्तलिखितांतून शोधून अभ्यासकांपुढें आणले. त्यांपैकीं 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. १९८९ सालीं हे ग्रंथ बडोद्यास छापलेही गेले. भावना देणें, शिजविणें, धूप देणें, फुलांत वासविणें अशा क्रिया 'गंधसारां'त क्रमवार सांगितल्या आहेत. मात्र हे ग्रंथ मुख्यतः पूजेसाठीं व उपभोगासाठीं लिहिलेले आहेत. रोगाकरितां धूप पाहिजे असेल तर वैद्यकाकडे वळावें लागतें. सुश्रुतानें जखमी मनुष्याच्या खोलींत गुग्गुळ, अगरु, राळ, वेखंड, मोहऱ्या इत्यादिकांची धुरी देण्यास सांगितलें आहे. सुगंधानें मन प्रसन्न करणें आणि धुरीनें खोली शुद्ध करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. बाटलीवरील कागद लिहिणारास तें ठाऊक नसावें.

ह्या तेलांना तेल म्हणतात खरें, परंतु तीं तिळाच्या किंवा करडईच्या तेलासारखीं नव्हत. फूल, पान, साल, मूळ यांतील जो अंश वाफेबरोबर उडून येतो तो थंड करून जमविला म्हणजे हें तेल होतें. कनोजास आजही तांब्याच्या देगींत फुलें व पाणी घालून चुलाणावर ठेवितात, आणि वाफ बांबूच्या नळीनें पाण्यांत बुडविलेल्या भपक्यांत उतरवितात. एक किलो गुलाबाचें तेल मिळण्यास तीन ते चार हजार किलो फुलें लागतात. तेव्हां शेदोनशें रुपयांस मिळणाऱ्या 'शुद्ध गुलाबतेला'ची बाटली हातीं आली तर वाचकांनीं स्वतःच त्रैराशिक मांडून पाहावें. ही भेसळ जुनी आहे. आपल्या खानदेशांतल्या रोशा गवताचें तेल एकोणिसाव्या शतकांत मुंबईवरून तुर्कस्तानाकडे जाई आणि तेथें गुलाबाच्या तेलांत मिसळलें जाई. दोहोंचा वास एकमेकांस पुष्कळ जवळचा.

आतां वासानें माणसावर परिणाम होतो तो कसा? शाळेंत तर्कसंग्रह शिकवितांना गंध हा पृथ्वीचा गुण आणि सुरभि व असुरभि हे त्याचे दोन भेद, एवढ्यावर आम्ही मुलांची सुटका करीत असूं. आधुनिक शास्त्रानें ह्या दोन भेदांचें पुष्कळच मोठें कोष्टक केलें आहे. १९९१ सालीं रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांनीं नाकांतील गंधग्राहकांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांस २००४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत असे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक असतात, आणि एकेका वासानें त्यांपैकीं निरनिराळे ग्राहक जागृत होतात, जशी पेटीच्या निरनिराळ्या पट्ट्या दाबून निरनिराळी सुरावट निघावी. ह्याहून महत्त्वाची गोष्ट वार्तेच्या मार्गाची. डोळ्यांची व कानांची वार्ता मेंदूंतील एका मधल्या नाक्यावर थांबून मग पुढें जाते. नाकाची वार्ता त्या नाक्यास वळसा घालून भय, प्रीति व स्मृति यांच्या स्थानांशीं जवळजवळ थेट जाऊन भिडते. ज्येष्ठांत पहिला पाऊस शिवनेरीच्या कातळावर पडला कीं जो वास येतो त्यानें साठीचा मनुष्य एकदम आठ वर्षांचा होतो, त्याचें कारण हें. (त्या वासासही १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां शास्त्रज्ञांनीं 'पेट्रिकोर' हें नांव दिलें. आपण त्याला मातीचा वास म्हणतों व कनोजवाले त्याचें अत्तर काढतात.)

ह्यावरून सुगंधाचें सामर्थ्य कोठवर पोंचतें तें समजेल. मन शांत करणें, झोंपेची वाट सोपी करणें, मळमळ किंवा भीति थोडी कमी करणें, इतकें तो करूं शकतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं घाबरलेल्या रोग्यांवर किंवा मळमळणाऱ्यांवर जे प्रयोग झाले त्यांतील कांहींत थोडाफार गुण दिसून आला आहे. बहुतेक प्रयोग लहान आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. सांधे सांधणें, साखर उतरविणें, गांठ विरघळविणें हें सुगंधाचें काम नव्हे.

जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांचें नांव आज द्राक्षांकरितां, टोमॅटोंकरितां व पश्चिमेकडील डोंगरांतल्या हिरड्यांकरितां प्रसिद्ध आहे. सुगंधी तेलांकरितां नाहीं. तरी औषधी वनस्पतींचा ह्या भूमीशीं एक जुना संबंध आहे, व तो फार थोड्यांस माहीत असतो. इंग्रजी अमलांत दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं इ. स. १८४० च्या सुमारास जुन्नरजवळ हिवरे येथें त्या बागेची एक शाखा चालविली होती. तेथें सोनामुखी, खुरासानी ओवा असल्या वनस्पती लावून त्यांचीं औषधें मुंबईच्या सरकारी औषधभांडारास पुरविली जात. विलायतेहून येणारें औषध महाग पडे, आणि ह्या पठारावरील कोरडी थंडी त्या झाडांस मानवे. गिब्सनसाहेब पुढें मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. बाग कालांतरानें गेली. मुंबईच्या सैन्यास औषध पुरविणाऱ्या तालुक्यांत आज गवती चहाचें तेल पाहुण्यांच्या पेटींतून यावें, हें पाहून साहेबांस मौज वाटली असती.

पश्चिमेकडे, भीमाशंकराच्या अंगाला, फाल्गुन-चैत्रांत करवंदीच्या व कुड्याच्या फुलांचा जो घमघमाट सुटतो तो कोणी बाटलींत भरला नाहीं हें बरेंच झालें. मूळचें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. पण त्या काठानें त्या दिवसांत सकाळीं फिरलें असतां सुगंधोपचार म्हणजे काय याचें उत्तर फुकट मिळतें.

घरगुती व्यवहारांत सर्वांत कामाचा पदार्थ म्हणजे ओवा. तव्यावर कोमट केलेल्या ओव्याची पुरचुंडी पडशाच्या वेळीं हुंगणें, बाळंतिणीच्या खोलींत शेगडीवर ओवा टाकणें, हें कोणत्या घरीं नव्हतें? ओव्याच्या तेलांत 'थायमॉल' नांवाचें जंतुनाशक द्रव्य असतें. १९१४ सालच्या महायुद्धापूर्वीं आपला ओवा जहाजांनीं जर्मनीस जाई आणि तेथून थायमॉल होऊन जगभर विकला जाई. युद्धानें ती वाट बंद झाली तेव्हां तो अर्क हिंदुस्थानांतच काढण्याची खटपट सुरू झाली. गवती चहांतील मुख्य द्रव्य 'सिट्रल', लिंबाच्या सालीच्या वासाचें. तुळशींत व लवंगेंत 'युजेनॉल', ज्याचा वास दंतवैद्याच्या खोलींत शिरतांच येतो. दिवाळीच्या उटण्यांतील वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, आंबेहळद यांचीं तर नांवेंही आतां घरांतील मुलींस पाठ नसतात. पुडीवर 'उटणें' एवढेंच छापलेलें असतें. आमच्या मतें अभ्यंगस्नान हाच आपल्याकडील सुगंधोपचाराचा सर्वोत्तम प्रकार होय. त्यांत कोमट तेल आहे, चोळणारा मायेचा हात आहे, ऊन पाणी आहे आणि मग सुगंध आहे. पाश्चात्य उपचारगृहांत तास मोजून पैसे घेतात ते ह्याच गोष्टींचे.

धुरीविषयीं मात्र थोडें कठोर बोललें पाहिजे. ऊद, धूप, उदबत्ती कोणतीही असो, तिच्या धुरांत छातींत खोल जाणारे सूक्ष्म कण असतातच. जुन्या वाड्यांना माडी, चौक, गवाक्षें होतीं. आतां दोन खोल्यांच्या बंद घरांत तीच धुरी दम्याच्या रोग्यास व तान्ह्या मुलास बाधते. संध्याकाळीं देवापुढें एक काडी लावावी व खिडकी उघडी ठेवावी. शेगडीची धुरी बाळंतिणीच्या खोलींतून आतां काढून टाकावी, हेंच इष्ट.

नाकाची किंमत नाक गेल्यावर कळते. २०२० सालच्या साथींत आमच्या घरीं थोरल्या वहिनींस ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. ज्या वहिनी माजघरांत बसून स्वैंपाकघरांतल्या फोडणींत हिंग कमी पडला हें सांगत, त्यांच्यासमोर दूध करपून काळें झालें तरी त्यांस कळेना. एके सकाळीं गॅसची शेगडी विझून वायु तसाच सुटत राहिला. धाकटी सून धांवली म्हणून निभावलें. ह्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यांत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेलें असतें, आणि त्यांच्या नाकाला तें पोंचतच नव्हतें. त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, जेवतें आहें पण अन्न लागत नाहीं. देवघरांत बसलें तरी आपल्याच घरांत आहें असें वाटत नाहीं." बोलतां बोलतां त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. पन्नास वर्षांत आम्हीं तें पाहिलें नव्हतें.

अशा रोग्यांकरितां एक साधा अभ्यास आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील डॉक्टर थॉमस हुमेल व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार वास दिवसांतून दोन वेळां, एकेक कांहीं क्षण, लक्ष देऊन हुंगावयाचे. असें बारा आठवडे. सर्वांस गुण येतो असें नाहीं, पण असा अभ्यास न करणारांपेक्षां करणारांपैकीं अधिक जणांचा वास सुधारल्याचें आढळलें. येथें सुगंध मनाचें रंजन करीत नाहीं, तर थकलेल्या मज्जातंतूंस व्यायाम देतो. वहिनींनीं चार वाट्या मांडल्या : गुलाबपाण्यांत भिजविलेला कापूस, निलगिरीचा एक थेंब टाकलेला दुसरा, लिंबाची ताजी साल आणि ठेंचलेली लवंग. सकाळीं पूजेपूर्वीं व सायंकाळीं दिवेलागणीस. पहिले दोन महिने कांहींच नाहीं. तिसऱ्या महिन्यांत लवंग आली. नंतर कांदा आला, पण जळक्या रबरासारखा. असें विपरीत होणें हीही बरें होण्याच्या वाटेवरची एक पायरी असते, असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर घर निर्धास्त झालें. आज त्यांस बहुतेक वास येतात. सोनचाफा मात्र अजून येत नाहीं.

त्याच्या पुढल्या वर्षीं, २०२१ च्या चैत्र-वैशाखांत, दुसराच प्रकार घडला. कापूर, लवंग व ओवा यांची पुरचुंडी हुंगली म्हणजे रक्तांतील प्राणवायु वाढतो, असा निरोप हातोहातीं मोबाइलवर फिरला आणि घरोघरीं पुरचुंड्या गळ्यांत दिसूं लागल्या. पुरचुंडी हुंगतांच नाक मोकळें वाटतें हें खरें. परंतु पुदिन्याचा अर्क, कापूर, निलगिरी हीं द्रव्यें नाकांतील गारवा जाणणाऱ्या नसांस चेतवितात. त्यामुळें हवा भरपूर येत आहे असें मेंदूस वाटतें, पण आंत जाणारी हवा तेवढीच राहते. अशा गारव्याच्या व उष्णतेच्या जाणिवेवरील संशोधनास, योगायोग असा कीं, त्याच २०२१ सालीं नोबेल मिळालें. पडशाच्या रात्रीं ही गोड फसवणूक उपयोगी पडते, झोंप तरी लागते. ज्याचा प्राणवायु खरोखर उतरत आहे त्याच्या बाबतींत तीच घातक, कारण 'आतां बरें वाटतें' म्हणून तो दवाखान्यास जाणें उद्यावर टाकतो. आमच्या ओळखीच्या एका घरांत असेंच दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस त्या घरास परत मिळाले नाहींत.

कापराविषयीं आणखी एक. आपण देवापुढें जाळतों तो बहुतेक कापूर आतां टर्पेंटाइनपासून कारखान्यांत होतो. भीमसेनी म्हणून विकला जाणारा निराळा. दोन्ही विषारीच. कापूर मिसळलेलें तेल चमचाभर पोटांत गेल्यानें लहान मुलांस झटके येऊन तीं दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत, म्हणूनच अमेरिकेंत १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तसल्या तेलाची विक्री बंद झाली. निलगिरीच्या तेलाचेंही तसेंच. तान्ह्या मुलाचें नाक चोंदलें म्हणून त्याच्या नाकाशीं बाम, कापूर किंवा पुदिन्याचा अर्क लावण्याची चाल घरोघर आहे. ती तत्काळ सोडावी, कारण त्या वासानें तान्ह्याचा श्वास आखडूं शकतो. वेखंडाची मात्रा उगाळून चाटविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, कारण वेखंडांतील एका द्रव्याविषयीं शास्त्रज्ञांस गंभीर शंका आहेत. एवढें वाचून सासूबाई रागावतील हें आम्ही जाणतों. त्यांनीं आमच्यावर रागवावें, सुनेवर नको.

पेटी घरीं आलीच असेल तर ती फेंकूं नये, रीतीनें वापरावी. तेल निव्वळ अंगास लावूं नये. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारें ३० मिलिलिटर, तिळेल किंवा खोबरेल घेऊन त्यांत दहा-बारा थेंब, ह्याहून अधिक नाहीं. आणि प्रथम मनगटाच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. पोटांत कधींही घेऊं नये, कागदावर कांहीं लिहिलें असो. गर्भवती, दमेकरी व आंकडी येणारे यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हात लावूं नये. झोंपेकरितां उशाजवळ रुमालावर एक थेंब पुरे. वाफारा मोठ्यांनींच घ्यावा. पातेलें कलंडून मुलें भाजतात. बाटल्या औषधांच्या कपाटांत कुलुपांत असाव्यात, शोभेच्या मांडणीवर नव्हे.

आणि परसांत जागा असेल त्यांनीं आषाढांत गवती चहाचा एक ठोंब फोडून लावावा. चार-पांच महिन्यांत पहिली कापणी मिळते. त्याच्याशेजारीं, मोरीचें पाणी जेथें उतरतें तेथें, वाळा लावावा. त्याला दीड वर्ष धीर धरावा लागतो. मग जमीन ओली असतां कुदळीनें भोंवतालून खणून मुळें अखंड काढावींत, धुऊन सावलींत वाळवावींत, आणि जुडी करून उन्हाळ्यांत माठांत सोडावी. खणतांना वरचा शेंडा जपून ठेविला तर त्याच पावसांत तो पुन्हां लावतां येतो.